अठरा महिन्यांच्या अलीकडे

१९७४ साली फिनलंडमध्ये मेंदूज्वराची साथ चालू होती. मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूचा ‘अ’ गट लहान मुलांना आणि लष्करात नव्याने भरती झालेल्या तरुणांना गाठत होता. या गटाविरुद्ध एक लस तयार होती आणि ती मुलांना द्यायचे ठरले. संशोधक हेलेना मॅकेला, हेइक्की पेल्टोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घाईच्या काळातही एक जुना प्रश्न सोडला नाही. साथ असो वा नसो, फिनलंडमधल्या बाळांना वर्षानुवर्षे मेंदूज्वर देणारा जिवाणू वेगळाच होता. त्याचे नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी, म्हणजेच हिब. त्याच्याविरुद्धही एक लस प्रयोगशाळेत तयार झाली होती, पण ती खरोखर रोग टाळते का, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यांनी आखलेली चाचणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. तीन महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे एक लाख मुलांपैकी निम्म्यांना मेनिंगोकॉकसची लस दिली गेली आणि निम्म्यांना हिबची. कोणाला कोणती लस मिळाली हे पालकांना माहीत नव्हते आणि टोचणाऱ्यांनाही नाही. कोरे इंजेक्शन कोणालाच दिले नव्हते. एक गट दुसऱ्या गटाच्या तुलनेसाठी उभा होता आणि प्रत्येक मुलाला कोणत्या ना कोणत्या मेंदूज्वराविरुद्धची लस मिळाली होती.

मेनिंगोकॉकसची लस कामी आली. हिबच्या लशीचा निकाल मात्र दोन तुकड्यांत आला. दीड वर्षांवरच्या मुलांमध्ये तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. अठरा महिन्यांच्या अलीकडच्या बाळांमध्ये तिचा काहीच उपयोग झाला नाही. लस तीच, देश तोच, मोजणारी माणसेही तीच, आणि तरीही वयाची एक रेषा ओलांडताच निकाल उलटला. हिबचा मेंदूज्वर सर्वाधिक होतो तो या रेषेच्या अलीकडच्या बाळांनाच. ज्यांना लशीची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्यांच्यात ती निकामी ठरली.

प्रौढांमध्ये किंवा मोठ्या मुलांमध्ये सिद्ध झालेली लस बाळांमध्येही चालेल असे गृहीत धरता येत नाही. बाळांसाठीची लस बाळांमध्येच तपासावी लागते. हे वाक्य आज सोपे वाटते, पण ते सिद्ध करण्यात फिनलंडपासून अलास्कापर्यंत आणि अॅरिझोनापासून गांबियापर्यंतच्या लाखो कुटुंबांचा वाटा आहे.

हिबचा मेंदूज्वर कसा दिसतो हे त्या काळच्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला पाठ होते. सहा-आठ महिन्यांचे खेळते बाळ तापाने फणफणते, दूध ओढेनासे होते, उचलून घेतले तरी किरकिरते. मग टाळू फुगते, झटके येतात. पाठीतले पाणी काढले तर ते स्वच्छ असण्याऐवजी गढूळ निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९२ मध्ये, रिचर्ड फायफर यांना हा जिवाणू फ्लूच्या रुग्णांत सापडला आणि तोच फ्लूचे कारण आहे असा समज रूढ झाला. पुढे फ्लू विषाणूमुळे होतो हे कळले, पण जिवाणूचे नाव तेच राहिले.

१९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट पिटमन यांनी दाखवले की या जिवाणूच्या काही जातींभोवती शर्करेचे कवच असते. कवचावरून त्यांनी सहा प्रकार पाडले, ‘ए’ ते ‘एफ’. मेंदूज्वराच्या बाळांमध्ये प्रामुख्याने सापडणारा प्रकार ‘बी’ होता. दोन वर्षांनी बोस्टनमध्ये लेरॉय फॉदरगिल आणि जॉइस राइट यांनी वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे रक्त घेऊन ते या जिवाणूला मारते का, हे पाहिले. नवजात बाळाचे रक्त मारत होते, कारण आईची प्रतिपिंडे त्यात उतरलेली असतात. मोठ्या मुलांचे आणि प्रौढांचे रक्तही मारत होते, कारण त्यांनी स्वतःची प्रतिपिंडे कमावलेली असतात. दोन महिन्यांपासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रक्तात मात्र ही ताकद नव्हती. आईची देणगी संपली आहे आणि स्वतःची कमाई सुरू झालेली नाही, असा हा काळ. रोगही नेमका याच काळात येत होता.

तेव्हा हा मेंदूज्वर झालेले जवळजवळ प्रत्येक बाळ दगावत असे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये हॅटी अलेक्झांडर यांनी सशांच्या रक्तापासून तयार केलेल्या प्रतिपिंडांनी बाळे वाचवून दाखवली. नंतर सल्फा आणि अँटिबायोटिक आली. मृत्यू कमी झाले, रोग मात्र तसाच राहिला. लस येण्यापूर्वी अमेरिकेत दर वर्षी सुमारे २०,००० मुलांना हिबचा गंभीर संसर्ग होई आणि त्यातल्या अंदाजे १२,००० मुलांना मेंदूज्वर होई. वाचलेल्यांपैकी अनेकांना बहिरेपणा, फिट्स किंवा मतिमंदत्व आयुष्यभर पुरत असे. १९७४ मध्ये अॅम्पिसिलिनला दाद न देणारे हिब जिवाणू सापडले आणि केवळ औषधांवर विसंबून चालणार नाही, हे स्पष्ट झाले.

लशीची पहिली कल्पना सरळ होती. कवचातली शर्करा शुद्ध करून टोचायची, म्हणजे शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवेल. मोठ्यांमध्ये हे घडत होते. बाळाची प्रतिकारयंत्रणा मात्र नुसत्या शर्करेला फारसा प्रतिसाद देत नाही. त्यासाठी लागणाऱ्या पेशी वयाच्या दुसऱ्या वर्षात कुठे तयार होऊ लागतात. शिवाय नुसत्या शर्करेची आठवण शरीर ठेवत नाही, त्यामुळे पुन्हा डोस दिला तरी प्रतिपिंडे वाढत नाहीत. फिनलंडमधल्या अठरा महिन्यांच्या रेषेचे कारण हेच होते.

एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेने ही शर्करेची लस दोन वर्षे आणि त्यावरच्या मुलांसाठी मंजूर केली. रोगाचा मोठा वाटा दोन वर्षांच्या आतच संपत असल्याने तिचा लाभ मर्यादितच राहणार होता. तीही सर्वत्र सारखी चालली नाही. मिनेसोटा राज्यात झालेल्या पाहणीत तिचे संरक्षण दिसलेच नाही.

उत्तर जुन्या शोधात दडलेले होते. १९२९ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी सशांवरच्या प्रयोगांत दाखवले होते की शर्करा प्रथिनाला रासायनिकरीत्या जोडली की शरीर तिला गंभीरपणे घेते. अनोळखी पाहुणा घरच्या ओळखीच्या माणसासोबत दारात आला तर त्याची दखल घेतली जाते, तसेच हे. बाळाची प्रतिकारयंत्रणा प्रथिने ओळखते. धनुर्वात आणि घटसर्पाची लस बाळांना लागू पडते ती त्यामुळेच. या प्रथिनांना हिबची शर्करा जोडली तर?

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे रेचेल श्नीरसन आणि जॉन रॉबिन्स यांनी, तर आधी बोस्टन आणि मग रॉचेस्टर इथे पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ यांनी स्वतंत्रपणे हे साधले. श्नीरसन आणि रॉबिन्स यांचा मार्गदर्शक निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्षांत चार जोड-लशी पुढे आल्या. शर्करा चौघींत हिबचीच होती. जोडीचे प्रथिन मात्र कुठे घटसर्पाचे, कुठे धनुर्वाताचे, तर कुठे मेनिंगोकॉकसच्या बाह्य आवरणाचे होते. कागदावर चौघीही सारख्याच आशादायक दिसत होत्या.

आता त्या बाळांमध्ये तपासायच्या होत्या आणि इथे दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, लस सुरक्षित आहे का? दुसरा, ती रोग टाळते का?

सुरक्षिततेची पायरी वयाने उतरत जाते. आधी प्रौढ, मग मोठी मुले, मग दीड-दोन वर्षांची, आणि शेवटी दोन महिन्यांची. प्रत्येक पायरीवर ताप, सूज, रडणे, झोप यांची नोंद होते. बाळांच्या बाबतीत एक अवघड गोष्ट असते. दोन ते सहा महिन्यांच्या वयात काही बाळे झोपेतच, कोणतेही कारण न सापडता दगावतात, आणि पहिले झटकेही अनेकदा याच सुमारास दिसतात. लस नव्हती तेव्हाही हे घडत होते. लशीचे डोसही याच महिन्यांत पडतात. म्हणून लशीनंतर घडले ते लशीमुळेच घडले असे म्हणता येत नाही, आणि लशीमुळे घडलेच नाही असेही पुराव्याशिवाय म्हणता येत नाही. लस घेतलेली आणि न घेतलेली बाळे शेजारी-शेजारी ठेवून, दोन्हीकडे काय काय घडते हे सारख्याच काटेकोरपणे मोजणे, एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो.

फिनलंडने पुन्हा पुढाकार घेतला. १९८५ ते १९८७ या काळात जन्मलेल्या बाळांची विभागणी जन्मतारखेवरून झाली. विषम तारखेला जन्मलेल्यांना घटसर्पाच्या प्रथिनाशी जोडलेली लस तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि चौदाव्या महिन्यात मिळाली. सम तारखेच्या बाळांना ती दोन वर्षांची झाल्यावर मिळाली. १९९० मध्ये युहानी एस्कोला आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,१४,००० बाळांचा अंतिम निकाल दिला. संरक्षण ९४ टक्के होते. अठरा महिन्यांची रेषा ओलांडली गेली होती.

त्याच वर्षी अलास्कामधून दुसरा निकाल आला. तिथल्या मूलनिवासी समाजात हिबचे प्रमाण जगात सर्वाधिक मानल्या गेलेल्या प्रमाणांपैकी एक होते. जोएल वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २,१०२ बाळांना हीच लस किंवा कोरे इंजेक्शन दिले होते. संरक्षण निघाले ३५ टक्के आणि तेही इतके अनिश्चित की लशीचा उपयोग झाला असे खात्रीने म्हणता येईना. फिनलंडमध्ये रोग तुलनेने उशिरा येत होता, म्हणून तीन डोस पुरे होईपर्यंत वेळ मिळत होता. अलास्कात तो पहिल्या काही महिन्यांतच झडप घालत होता आणि या लशीला तान्ह्या बाळांत पुरेशी प्रतिपिंडे उभी करायला वेळ लागत होता. एका देशातला आकडा उचलून दुसऱ्या देशातल्या बाळाच्या नावावर लिहिता येत नाही, हे या दोन निकालांनी एकत्रितपणे शिकवले.

पुढचा टप्पा झपाट्याने आला. कॅलिफोर्नियात ६१,०८० मुलांच्या अभ्यासात दुसऱ्या एका जोड-लशीचे तीन डोस घेतलेल्या बाळांना पूर्ण संरक्षण मिळाल्याचे दिसले आणि ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेने ती दोन महिन्यांच्या बाळांसाठी मंजूर केली. अलास्कासारखीच परिस्थिती असलेल्या, अमेरिकेतल्याच नावाहो या मूलनिवासी समाजात मूळचे भारतीय असलेले डॉक्टर मथुराम संतोषम काम करत होते. १९८८ ते १९९० मध्ये त्यांनी नावाहो बाळांना मेनिंगोकॉकसच्या प्रथिनाशी जोडलेली लस दुसऱ्या आणि चौथ्या महिन्यात दिली. या लशीचा गुण असा की पहिल्याच डोसनंतर तान्ह्या बाळात बरीच प्रतिपिंडे तयार होतात. चाचणीत ५,१९० बाळे होती. लस घेतलेल्या गटात हिबचा गंभीर संसर्ग एका बाळाला झाला, तर कोरे इंजेक्शन मिळालेल्या गटात बावीस बाळांना.

हा आकडा वाचून पुढे जाणे बरोबर नाही. ती बावीस बाळे कोणाची तरी होती. चाचणी सुरू झाली तेव्हा बाळांसाठी मंजूर झालेली एकही हिब लस अमेरिकेत नव्हती आणि अलास्काच्या निकालाने दाखवले की केवळ आशेवर लस वाटली असती तर हजारो आया खोट्या भरवशावर राहिल्या असत्या. तुलनेचा गट होता म्हणूनच कोणती लस कोणत्या बाळाला वाचवते हे कळले. अलास्कानेही पुढे हीच लस स्वीकारली. १९९६ मध्ये तिथे ती बदलून दुसरी जोड-लस सुरू केली तेव्हा तान्ह्या बाळांत रोग पुन्हा दिसू लागला आणि आधीची लस परत आणावी लागली. नावाहो चाचणीचे मोल त्यानंतर कोणाला वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

श्रीमंत देशांत १९९० नंतर हिबचा मेंदूज्वर दिसेनासा होऊ लागला. अमेरिकेत लहान मुलांतले रुग्ण ९९ टक्क्यांनी घटले. चौघा संशोधकांना, म्हणजे अँडरसन, रॉबिन्स, श्नीरसन आणि स्मिथ यांना, १९९६ चा लास्कर पुरस्कार मिळाला. प्रश्न उरला तो गरीब देशांचा. तिथे बाळे हिबच्या मेंदूज्वराने मरत होतीच. शिवाय न्यूमोनियाने मरणाऱ्या असंख्य बाळांपैकी किती हिबचे बळी आहेत, हे सांगणारी चाचणीच उपलब्ध नव्हती. फुप्फुसातला जिवाणू बहुतेक वेळा रक्तात सापडत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियामध्ये हे मोजायचे ठरले. किम मलहॉलंड आणि सहकाऱ्यांनी मार्च १९९३ ते ऑक्टोबर १९९५ या काळात ४२,८४८ बाळांना सहभागी करून घेतले. निम्म्या बाळांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या त्रिगुणी लशीत मिसळून हिबची लस दिली गेली, उरलेल्यांना नुसती त्रिगुणी. डोस दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात होते. १९९७ मध्ये निकाल आला. तीन डोस घेतलेल्यांमध्ये हिबच्या गंभीर संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण मिळाले. एक्स-रेवर स्पष्ट दिसणारा न्यूमोनिया २१ टक्क्यांनी घटला. जे प्रयोगशाळेला दिसत नव्हते ते दोन गटांमधल्या फरकाने दाखवून दिले. नंतर इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर ५५,०७३ बाळांवर झालेल्या अशाच चाचणीत मेंदूज्वर घटला, पण एक्स-रेवरच्या न्यूमोनियात फरक आढळला नाही. जागा बदलली की पुन्हा मोजावे लागते, हा धडा तिथेही खरा ठरला.

गांबियाच्या चाचणीवर नैतिक ओझे अधिक होते, कारण ती सुरू झाली तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या बाळांना ही लस मिळू लागली होती. गांबियाच्या बाळाला ती एरवी मिळालीच नसती, हे खरे असले तरी पुरेसे उत्तर नव्हे. ज्यांच्या मुलांवर चाचणी झाली त्यांना लस मिळाली तरच अशा चाचणीचे समर्थन होऊ शकते. गांबियाच्या बाबतीत तसे झाले. उत्पादक कंपनीने लस पुरवली आणि मे १९९७ पासून ती देशाच्या नेहमीच्या लसीकरणात आली. एक वर्षाच्या आतल्या बाळांत हिबच्या मेंदूज्वराचे प्रमाण पूर्वी लाखामागे २०० हून जास्त होते. २००२ मध्ये ते शून्यावर आले. जिवाणू मुलांच्या घशात राहणेच कमी झाल्याने लस न घेतलेलेही वाचू लागले.

सुरक्षिततेचा प्रश्न लस मंजूर झाल्यावर संपला नाही आणि संपायलाही नको होता. हिबच्या लशीमुळे मुलांना मधुमेह होतो, असा दावा नव्वदच्या दशकात झाला. तो हसून सोडून न देता तपासला गेला आणि तपासायला फिनलंडची तीच बाळे उपयोगी पडली. लवकर लस घेतलेल्या आणि दोन वर्षांनी घेतलेल्या सुमारे १,१६,००० मुलांची दहा वर्षांची नोंद १९९९ मध्ये ताडून पाहिली गेली. दोन्ही गटांत मधुमेहाचे प्रमाण सारखेच होते. शंका विचारणाऱ्याला दिलेले हे उत्तर होते आणि ते मोजमापाचे होते.

भारतात ही लस बाळांपर्यंत पोहोचायला फार वेळ गेला. हिब भारतीय मुलांत खरोखर किती आहे, या वादात वर्षे उलटली. १९९३ ते १९९७ मध्ये देशातल्या सहा रुग्णालयांत झालेल्या पाहणीत हिबचे रुग्ण सापडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सर्व देशांच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस घेण्याची शिफारस केली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने नेदरलँड्समधल्या सरकारी संस्थेकडून हिब लशीचे तंत्रज्ञान घेतले आणि तिची पाच रोगांवरची लस २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त लशींच्या यादीत आली. सरकारी कार्यक्रमात ही पंचगुणी लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली आणि मग इतर राज्यांत पोहोचली. अमेरिकेच्या मंजुरीपासून एकवीस वर्षांनी. फिनलंडच्या पहिल्या चाचणीपासून बाळांना चालणारी लस मिळेपर्यंत जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ ती आपल्या बाळांना देण्यात गेला, हा या इतिहासातला सर्वांत कडू भाग आहे.

आता ती आपल्या आरोग्य केंद्रात मोफत मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस म्हणून घरोघरी तिची ओळख आहे. आईची प्रतिपिंडे ओसरण्याच्या आणि रोग येण्याच्या मधली फट बुजवायला हे तीन डोस आहेत आणि ही फट अरुंद आहे. माहेरहून सासरी जाण्याच्या गडबडीत, ऊसतोडीला निघण्याच्या घाईत, किंवा पहिल्या डोसनंतर अंग तापले म्हणून पुढचा डोस महिना-दोन महिने मागे पडतो. पहिल्या डोसनंतर एखाद-दुसरा दिवस येणारा ताप या चाचण्यांत मोजला गेलेला आहे आणि तेवढ्यासाठी दुसरा डोस टाळण्याचे कारण नाही. बाळाला त्याहून काही वेगळे झाले तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. ताप खूप चढला, झटका आला किंवा बाळ बराच वेळ रडून थांबेना, तर तेही सांगावे आणि नोंदवून घ्यायला लावावे. लस सुरक्षित ठेवण्याचे काम अशा नोंदींवरच चालते.

फिनलंड, अलास्का, नावाहो प्रदेश आणि गांबियातल्या आयांनी आपली तान्ही बाळे या मोजणीत दिली, म्हणून आज आपल्याला खात्रीने बोलता येते. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग आपल्या हातात आहे. लसीकरणाचे कार्ड काढून पाहा, तारीख तपासा, गावाला जायचे असेल तर कार्ड सोबत न्या आणि दीड महिन्याचा डोस दीड महिन्यालाच द्या.